चाकांवरची टोपणं

विमानाचा चढ दाखवणारा काटा दोनशे चाळीसवर अडला तो अडलाच. निकेतने थ्रॉटल पार पुढे दाबून धरला होता. इंजिन जीव तोडून ओरडत होतं. खाली बोर्ली पंचतनच्या सुपारीच्या बागा हळूहळू मागे सरत होत्या. शेजारच्या सीटवर वाळूची दोन पोती पट्ट्याने आवळून बांधली होती. दोन्ही मिळून ब्याऐंशी किलो. बरोबर त्याच्या बापाचं वजन.

नियम त्याने स्वतःच घातला होता. घरी बांधलेलं हे दोन माणसांचं विमान मिनिटाला तीनशे फूट चढलं, तरच बापाला त्यात बसवायचं. माळावरच्या धावपट्टीच्या टोकाला टेकडी होती, आणि टेकडीशी कसली जोखीम घ्यायची? आधी ते दोनशे साठ चढायचं. खाली लोंबणारी उघडी चाकं वारा अडवत होती. म्हणून तर चाकांवर फायबरची टोपणं घातली. आणि आता चढ वाढायचा सोडून वीस फुटांनी घटला होता.

का घटला, ते त्याला ठाऊक होतं. परवापासून ठाऊक होतं.

निकेतचा बाप मोरू मिस्त्री म्हणजे दिघीच्या खाडीवरचं मोठं नाव. आधी लाकडाच्या होड्या, आता फायबरच्या. एकुलता एक मुलगा हे सगळं सोडून विमानदुरुस्ती शिकला आणि सुट्टीच्या दिवशी चक्क स्वतःचं विमान बांधायला बसला. तेव्हापासून चार वर्षं बापलेकांचं बोलणं बंद. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही. निरोप आई पोचवायची, आणि पोचवताना दोघांनाही चार शिव्या हासडायची. टोपणांचं मापही तिच्याच हाती बापाकडे गेलं. सोबत एवढाच निरोप : वारा कमी अडेल असं करा. आकार काढून द्यावा असं निकेतच्या मनात आलं होतं. पण चाळीस वर्षं होड्या बांधणाऱ्याला आपण शिकवायला निघालोय, असं दिसलं असतं.

परवा मिस्त्री स्वतःच टेम्पोतून टोपणं घेऊन माळावर आले. पहिल्यांदाच. एक शब्द न बोलता त्यांनी ती चाकांपाशी ठेवली. निमुळतं टोक पुढे, गोल बाजू मागे. निकेतला हसू आलं आणि लगोलग गलबलूनही आलं. होडीच की ही! होडीची नाळ, म्हणजे पुढचं तोंड, अशीच टोकदार असते. वाऱ्याचं मात्र नेमकं उलटं. गोल बाजू पुढे हवी, निमुळती शेपटी मागे. पण काय काम केलं होतं! कुठे ओरखडा नाही, कुठे फुगवटा नाही. चार वर्षांनी बापाने आपल्यासाठी काहीतरी केलं होतं, त्याला उलटं म्हणायला निकेतची जीभ उचलेना. फरक पडला तर थोडाच पडेल, असं त्याने मनाला समजावलं. ड्रिल घेतलं, भोकं पाडली आणि ठेवली होती तशीच टोपणं बसवली. मिस्त्रींनी मध्ये एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग खिशातून तंबाखूची पुडी काढली.

विमान उतरलं. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून धावपट्टीच्या कडेला उभे होते. विमान तीनशे चढलं की वाळूच्या पोत्यांच्या जागी आपण बसायचं, हे निकेतच्या आईने त्यांना चांगलं बजावून पाठवलं होतं.

"झालं काय तीनशे?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही, बाबा. इंजिन कमी पडतंय."

मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले. टोपणावरून सावकाश हात फिरवला.

"इंजिनाला कशाला बोल लावतोस? टोपणं उलटी हायेत."

"माहीत आहे," निकेत बोलून गेला.

मिस्त्रींचा हात थांबला. "म्हाईत हाय? कदीपासून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "परवापासून. तुम्ही ठेवलीत तेव्हाच. मला वाटलं, तुम्ही होडी केलीत."

"होडी कशाला करीन? होडी पाण्यावर चालते, तिला लाट फोडायला टोक लागतं. मासा पाण्यात असतो. तो डोक्याकडं जाड, शेपटीकडं बारीक. तुजं विमान वाऱ्यावर न्हाय, वाऱ्यात हाय. म्हणून मी मासा केला."

"पण ठेवताना टोक पुढे..."

"टेम्पोतनं उतरली तशी ठेवली."

निकेतला स्वतःची लाज वाटली. त्याने पुस्तकातून घोकलेली गोष्ट बापाने खाडीकडे बघून ओळखली होती. आणि हा मात्र त्यांना अडाणी ठरवून, वर स्वतःला समजूतदार समजत बसला होता.

मिस्त्रींनी पाना घेतला आणि पहिला बोल्ट सैल केला.

"तुम्हाला कधी कळलं?" निकेतने विचारलं.

"तू भोकं पाडायला घेतलीस तेवाच."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तू तरी कुठं बोललास?"