हातांची फुली

हेलिकॉप्टरचा आवाज डोंगरापलीकडून आला तेव्हा हौसा माळावर वारा पाठीवर घेऊन उभी होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला. हेलिकॉप्टरला हाताच्या खुणांनी कसं उतरवायचं, हेच पेणच्या शिबिरात तीन दिवस शिकवलं होतं. वाडीतून त्या शिबिराला ती एकटीच गेली होती. पुरुषांना कंपनीतली शिफ्ट सोडवली नव्हती.

करवंदमाळ ही रोह्याच्या वर डोंगरातली तीस घरांची वाडी. आठ दिवसांपूर्वी दरड कोसळली आणि खाली जायचा रस्ता गेला. आज सकाळी माणसं दगड बाजूला करत होती, तेव्हा एक धोंडा घरंगळत हौसाच्या नवऱ्याच्या, दत्तात्रेयच्या मांडीवर आला. रक्त थांबेना. झोळीतून खाली न्यावं तर ओढ्याला छातीभर पाणी. साहिलने, त्यांच्या मुलाने, मदतीसाठी फोन लावला. तासाभरात निरोप आला, हेलिकॉप्टर निघालंय.

आता दत्तात्रेय माळाच्या कडेला शाळेच्या पडवीत खाटेवर पडला होता. जवळ साहिल आणि हौसाचे थोरले दीर दिनानाथ. हौसा तिकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर तिचा पाय माळावर ठरला नसता.

ढग खाली उतरले होते. हेलिकॉप्टर त्यातून बाहेर आलं, डोंगराच्या धारेवरून वळलं. हौसाने दोन्ही हात पसरले. ये, इथे ये.

तेवढ्यात तिला माळाच्या टोकाला कोतवाल पक्षी दिसला. तिथे झाड नव्हतं, खांब नव्हता, आणि तरी तो अधांतरी बसला होता. आवाज जवळ आला तसा उडाला. त्याच्या जागी एक बारीक काळी रेघ हलत राहिली.

तार.

वाडीतली लाइट गेल्यापासून फोन बंद पडत होते, म्हणून शेजारच्या रितेशने शाळेच्या छपरावरच्या सोलरवरून समोरच्या घरापर्यंत वायर ओढली होती. साहिलने ज्या फोनवरून हेलिकॉप्टर बोलावलं, तोही तिच्यावरच चार्ज झालेला. वायर ओढल्याचं हौसाने ऐकलं होतं. कुठून कुठे, ते पाहिलं नव्हतं. हेलिकॉप्टर नेमकं त्याच बाजूने खाली येत होतं.

तिने हात डोक्यावर नेऊन फुली केली. सोडली, पुन्हा केली. उतरू नको.

"आये, काय करतेस!" साहिल पडवीतून ओरडला.

दिनानाथ धावत आले आणि त्यांनी तिचं कोपर धरलं. "खुळी झालीस काय गो? तुझाच नवरा हाय तो!"

"भावोजी, तार हाय. सोडा हात." तिने हिसडा दिला आणि पुन्हा फुली केली.

हेलिकॉप्टर जागच्या जागी थरथरलं. मग नाक उचलून वर चढलं आणि ढगात शिरलं. आवाज लांब लांब गेला. पडवीत कुणीतरी रडायला लागलं.

हौसाने हात खाली घेतले. "रितेश, आधी सोलरचं बटण बंद कर. मग वायर तोड. तुकडा माळावर ठेवू नको, सगळी गुंडाळून शाळेत टाक."

रितेशचं तोंड पांढरं पडलं होतं. तो पळाला. कोयत्याचे दोन घाव ऐकू आले. हातात वायरचं भेंडोळं घेऊन तो समोरून गेला, तेव्हा दिनानाथ त्या भेंडोळ्याकडे नुसते बघत राहिले.

वर आभाळ बंद झालं होतं.

"आता नाय येत ते," दिनानाथ म्हणाले.

हौसा माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, वर बघत. मग परत येऊन तिच्या जागेवर उभी राहिली. साहिल फोनमधलं घड्याळ बघत होता, म्हणून वाडीला आजही ठाऊक आहे की अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटांनी दरीकडच्या बाजूला ढग फाटला आणि आवाज परत आला.

तिने हात पसरले.

स्ट्रेचर घेऊन उतरलेला माणूस तिच्या कानाशी ओरडला, "तार होती?"

तिने हो म्हणून मान हलवली. त्याने एकदा वर बघितलं, मग तिच्याकडे, आणि वाकून पडवीकडे पळाला.

दत्तात्रेय वाचला. पाय राहिला, पण गुडघ्यात वाकत नाही. पनवेलच्या दवाखान्यात तेराव्या दिवशी तो तिला म्हणाला, "मी ऐकत होतो. जवळ आलं, आणि मग लांब गेलं."

"व्हय," हौसा म्हणाली. "मीच घालवलं."

"दिनादादाने सांगितलं तारेचं," तो म्हणाला. "पाणी दे."

दिवाळीनंतर पेणला पुढचं शिबिर झालं. या खेपेला डोंगरातल्या अकरा वाड्यांतून माणसं आली होती, त्यात करवंदमाळचे सहा. हौसाला शिकवायला बोलावलं होतं. तिने उभं कसं राहायचं ते दाखवलं, हात पसरून दाखवले, फुली करून दाखवली. सगळ्यांकडून वीस वीस वेळा करून घेतली.

रोहिणी नावाची एक नवी सून मागच्या रांगेत होती. विसाव्या खेपेला तिचे हात अर्ध्यावरच थांबले. "मावशी, एवढं सोपं तर हाय. परत परत कशाला?"

कुणीतरी हसलं. हौसा हसली नाही. ती रोहिणीजवळ गेली, तिची दोन्ही मनगटं धरून तिने ती डोक्यावर नेली आणि एकमेकांवर ठेवली.

"खाटेवर आपलं माणूस असलं ना," ती म्हणाली, "की हे हात लई जड होतात गो."