किबल्याचा काटा

मुनाफनं मोबाईल इमामाच्या कोनाड्यात, फरशीवर ठेवला, कव्हरचं झाकण उघडलं आणि बोट दाखवलं. "पाहा हाफिजजी. चौथ्यांदा दावून राह्यलो. किबला तिकडं, अन् भिंत इकडं."

मक्केची दिशा दाखवणारा मोबाईलवरचा काटा खरंच समोरच्या भिंतीकडं नव्हता. तो पार डाव्या कोपऱ्याकडं वळला होता.

मशिदीचे तरुण इमाम हाफिजजी डोकं खाजवत म्हणाले, "थोडं इकडं-तिकडं असलं तरी नमाज होते, मुनाफभाई. किताबात आहे तसं."

"नमाज होते हो! पण बांधणाऱ्याची नियत? तिचं काय?"

हाफिजजी पुन्हा भिंतीकडं बघायला लागले. बघणारच! मशीद बांधली लुकमान मिस्त्रीनं, आणि भिंतीपलीकडं अंगण लुकमान मिस्त्रीचंच. भिंत काट्याप्रमाणं धरली असती तर अंगणाचा कोपरा मशिदीत गेला असता. तीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ते मुनाफच्या आलं. किराणा दुकानात बसून माणूस बरोब्बर ओळखता येतो, असं तो नेहमी म्हणायचा.

त्यानं झाकण मिटलं. टक्.

मोबाईल मेहुण्यानं जेद्दाहून पाठवलेला, भारीपैकी. चामडी कव्हर मात्र मुनाफनं स्वतः मेहकरात पसंत केलेलं. गावातल्या पोरांनीही आपापले मोबाईल फिरवून पाहिले, पण त्यांच्या स्वस्तातल्या मोबाईलवर काटा जागचा हलेचना.

तेव्हापासून मुनाफनं मिस्त्रीवर नजर ठेवली. मंगळवारी म्हातारा सलाम न करताच दुकानावरून निघून गेला. बुधवारी भर दुपारी अंगणात एकटाच दोरी धरून काहीतरी मोजत होता. मुनाफ दिसला तशी त्यानं दोरी गुंडाळली आणि घरात शिरला. चोराच्या मनात चांदणं! दुसरं काय?

संध्याकाळी कडूबा चहापत्ती घ्यायला आला. मशिदीच्या बांधकामाला तो मिस्त्रीच्या हाताखाली होता.

"मुनाफभाऊ, भिंत आखली तवा दोरीचं दुसरं टोक म्या धरलं व्हतं. हाजीसाहेबानं हजवरून डबीतला काटा आणला व्हता. म्हातारा तीन दिवस तेच पाहे. मले चहाबी पिऊ देत नवता."

"मंग कुठं हाये ते डबी?"

"हाजीसाहेब वारले. डबी आता कोणाले सापडते?"

"वा बे कडूबा! गवाह मेला अन् सबूत गायब." मुनाफ हसला. "तू त्याचाच माणूस. तू काय उलटं सांगशीन?"

कडूबानं चहापत्तीची पुडी तशीच काउंटरवर ठेवली आणि चालता झाला.

गुरुवारी खुद्द मिस्त्री दुकानात आला. चार दिवसांत म्हातारा अर्धा झाला होता.

"मुनाफ, बेटा, तो काटा मले एकडाव दाव."

मुनाफ त्याला मशिदीत घेऊन गेला. मोबाईल फरशीवर ठेवला, झाकण उघडलं. मिस्त्री गुडघे धरून खाली बसला आणि बराच वेळ त्या काट्याकडं पाहत राहिला.

"म्या तं सरळच धरली व्हती रे," तो शेवटी म्हणाला. "पण आता वाटते, अंगण मनात असन काय? माह्या मनातलं मलेच नसन समजलं? तीस वर्साच्या लोकाइच्या नमाजा माह्या मानेवर, बेटा. डोयाले डोया लागत नाही. कोपरा मोजून ठेवला. उद्या जुम्म्याले सगळ्याइसमोर माफी मांगतो. मंग पाडा भिंत."

कबूल झाला तर शेवटी! आणि तरी मुनाफचा ऊर भरून आला. खरंच आला. त्यानं म्हाताऱ्याला हाताला धरून उठवलं.

"चाचा, माही तुमच्यासंग दुश्मनी नाही. कोणी पाहो ना पाहो, वरचा पाहून राह्यला. उद्या त्याच्यापुढं मलेबी उभं राह्यचं हाये."

गावभर मुनाफचं नाव झालं. एवढी वर्षं कुणाला दिसलं नाही ते याला दिसलं! नमाज झाली की मशीद कमिटीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, त्यालाच करायचं, असं ठरूनही गेलं.

शुक्रवारी मशीद ओट्यापर्यंत भरली. मुनाफ पांढराशुभ्र कुर्ता घालून, अत्तर लावून आला. उशीर झाला होता, बाकी सगळे आत बसले होते. वजूसाठी, नमाजआधी हातपाय धुवायला, तो नळापाशी वाकला आणि खिशातला मोबाईल घसरून पाण्यात पडला.

"या अल्ला!" त्यानं झडप घालून उचलला. कव्हर भिजून गच्च झालं होतं. ते त्यानं ओढून काढलं आणि कठड्यावर ठेवलं, मोबाईल कुर्त्याला पुसला. चालू होता. काटा ठीक आहे ना, म्हणून त्यानं पाहिलं.

काटा मशिदीच्या त्या भिंतीकडंच होता. नाकासमोर, सरळ.

मुनाफनं मोबाईल झटकला, तळहातावर आडवा धरला. काटा सरळ. त्यानं कठड्यावरचं कव्हर उचलून जवळ आणलं, तसा काटा सर्रकन डाव्या कोपऱ्याकडं वळला. कव्हर लांब नेलं, काटा परत भिंतीवर आला. त्यानं झाकणाची कड चाचपून पाहिली. चामड्याच्या आत, झाकण घट्ट बसावं म्हणून, नखाएवढं लोहचुंबक शिवलेलं होतं.

बोट तिथंच ठेवून त्यानं मशिदीच्या दाराकडं पाहिलं.

आत लुकमान मिस्त्री बोलायला उभा राहिला होता. "भाऊहो, माह्या हातून..." एवढंच म्हणून त्यानं रुमालात तोंड लपवलं. मग कुणीतरी दारातून हाक मारली, "सदरसाहेब, या ना आत! काटा दावा सगळ्याइले."

"आलो," मुनाफ म्हणाला.

त्यानं मागं वळून पाहिलं. नळापाशी कुणी नव्हतं. ओट्यावर कुणी नव्हतं. पाहायलाच कुणी नव्हतं.

त्यानं कव्हर मोबाईलवर चढवलं आणि झाकण मिटलं.

टक्.