रुखवत आणि स्टेपनी

“टेम्पो कशाला? मागची सीट आडवी केली की आपल्या गाडीत हत्तीही मावेल,” असं मीच सासुरवाडीत ठणकावून सांगितलं. पन्नाशीत लाल स्पोर्टी हॅचबॅक घेतल्यापासून मला अशी संधी सोडवत नाही.

भाचीच्या लग्नाचं रुखवत भरायला घेतलं. साखरेचं तुळशीवृंदावन मागच्या उतरत्या काचेला अडलं. मी डिकीच्या तळातली स्टेपनी काढून त्या खड्ड्यात ते बसवलं. लाडवांची ताटं पुढच्या सीटवर गेली. सगळं मावलं, उरलो मी आणि स्टेपनी. रुखवत मांडणारी माझी बायको गाडी घेऊन कार्यालयाकडे निघाली, मी एसटीने.

“काका, मांडीवरच्या चाकाचं तिकीट फाडू का?” कंडक्टरने विचारलं. सगळी बस हसली.

घाटाखाली लाल गाडी दिसली. पुढचं चाक बसलेलं, बायको बसला हात करत उभी. मी विजयी मुद्रेने स्टेपनी घेऊन उतरलो.

माझ्याकडे न बघता ती बसमधल्या बायकांना म्हणाली, “जरा हात लावता का? नवरदेवाकडची माणसं यायच्या आत मांडायचंय.”

हातोहात रुखवत एसटीत चढलं. पाठोपाठ तीही.

“अहो, चाक बदला आणि या सावकाश,” ती खिडकीतून म्हणाली. “आता मावाल तुम्ही गाडीत.”