टेपचे तीन तुकडे

ड्रोन उडवण्याआधी निधीने सगळं मोजलं होतं: चार मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारे चार कंट्रोलर, एक बॅटरी, रक्ताची एक पिशवी. ड्रोन अभनपूरच्या अर्ध्या वाटेवर पोचलं आणि पडद्यावर तिसरा कंट्रोलर तापू लागला. ठेवलेल्या ड्रोनमध्ये भनपुरीच्या कारखान्यांची काजळी शिरू नये म्हणून तिनेच चारही कंट्रोलरांच्या हवेच्या फटींवर टेप लावली होती. उडवण्याआधी सोललेले तुकडे टेबलावर तीनच होते; चौथा तिसऱ्या कंट्रोलरवरच राहिला होता. शंभर अंशांवर कंट्रोलर बंद पडला की ड्रोन कोसळणार. “शेतात उतरव, मशीन तं वाचेल,” वरिष्ठ जयंतभैया म्हणाले. फोनवर अभनपूरच्या दवाखान्यातल्या कुमुद सिस्टर होत्या. “काहून उशीर होऊन राहिला? बाळंतीण पांढरी पडून राहिली.” निधीने वेग निम्मा केला. मोटारी कमी वीज ओढू लागल्या, कंट्रोलर सावकाश तापू लागला, वेळ मात्र वाढला. एक्क्याण्णव. पंच्याण्णव. “हव, पिशवी मिळाली,” सिस्टर म्हणाल्या. निधीने वहीत लिहिलं: कंट्रोलर तीन, अठ्ठ्याण्णव अंश.