गाळलेला परिच्छेद

"एक परिच्छेद कुठे गेला?" न्यायमूर्ती बिवलकरांनी मी टाइप केलेलं निकालपत्र माझ्यापुढे सरकवलं.

"साहेब, बाकी दोन्ही न्यायमूर्ती तुमच्या विरोधात गेलेत. राजालाही कायद्याबाहेर कुणाला डांबता येत नाही, ही इंग्लंडची आठशे वर्षांपूर्वीची सनद आता कोण वाचणार? म्हणून गाळला."

"ज्याच्यावर वेळ येईल, तो वाचेल. पुन्हा टाइप करा."

चरफडतच मी टाइपरायटरला नवे कार्बन लावले.

बेचाळीस वर्षांनी त्याच हायकोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. कचरा डेपोविरुद्ध मोर्चा काढला म्हणून माझ्या नातीला नऊ दिवस कोठडीत ठेवलं होतं, कोर्टापुढे न आणता. तिची वकील बिवलकरांचा तोच परिच्छेद वाचू लागली.

"हा तर अल्पमताचा निकाल!" सरकारी वकील उसळले.

"कालपर्यंत होता," पाच जणांच्या पीठातल्या मुख्य न्यायमूर्ती म्हणाल्या. "आजपासून हाच कायदा. मुलीला सोडा."

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी विचारलं, "आजी, मी वाचताना तुमचे ओठ हलत होते. तो परिच्छेद पाठ आहे तुम्हाला?"

"गाळला होता ना मी," नातीचा हात घट्ट धरत मी म्हणाले. "म्हणून पाठ आहे."