साखरचोर

"तोंडात काय आहे?"

दातांचा डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडला. त्याची आई नळापाशी पाठमोरी उभी राहून गालात काहीतरी घोळवत होती. तिने घाईघाईने गिळलं आणि वळली.

"जीभ आहे. तुझ्याशी वाद घालून झिजलीय, पण आहे."

"गिळलंस ना? माझ्या डोळ्यांदेखत गिळलंस!"

"मग काय, तुझी परवानगी काढून गिळू?"

त्या घरात चार महिने साखरेवरून लढाई जुंपली होती. आईच्या रक्तातली साखर उतरायचं नाव घेत नव्हती. गोळ्या वाढल्या, चालणं वाढलं, ताटातलं निम्मं अन्न गेलं. साखर आपली हटून बसलेली. तेव्हा आई चोरून खाते, असा निकाल लेकाने देऊन टाकला. साखरेच्या डब्याला कुलूप लागलं, किल्ली त्याच्या गळ्यात गेली, बिस्किटांचे पुडे दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटात जाऊन बसले. त्या घरातल्या मुंग्या म्हणे एका सकाळी रांग धरून बाहेर पडल्या आणि शेजाऱ्यांकडे कायमच्या राहायला गेल्या. तरीही कालचा रिपोर्ट आला तो आणखी चढाच. आज दाराशी आईची बॅग भरून ठेवलेली होती. दहा वाजता गाडी येणार होती आणि तिला महिनाभरासाठी अशा इस्पितळात नेणार होती, जिथे भेटायला येणाऱ्यांचेही खिसे तपासतात.

"एक कण खाल्लेला नाही रे," आई म्हणाली. "तुझी शप्पथ."

"माझी कशाला? चोराने स्वतःची घ्यावी."

"आईला चोर म्हणतोस?"

"आ कर."

हे शब्द तो दिवसातून चाळीसदा उच्चारायचा. दवाखाना खालच्याच मजल्यावर होता, आणि त्याचं 'आ करा' इतकं जबर, की रस्त्याने जाणाऱ्यांचीही तोंडं उघडत, अशी वदंता होती. वरच्या मजल्यावर मात्र तो हे आज पहिल्यांदाच म्हणाला. आणि तेही फौजदाराच्या आवाजात.

आईने ओठ घट्ट मिटले. त्याने फडताळावरची टॉर्च उचलली.

"आ कर म्हणतो ना! दाढेत कण अडकला असला तरी सापडेल मला."

आईने बॅगेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

आधी वास आला. तो वास त्याला पाठ होता, आणि तो साखरेचा नव्हता. मग उजेड आत शिरला. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या. दातांच्या मुळाशी वर्षानुवर्षांचं कीटण दगडासारखं बसलेलं. त्याने बोट टेकवलं तर पू आला. खालचा पुढचा दात सैल कडीसारखा हलला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

खाली दवाखान्यात त्याच्याच अक्षरातली पाटी होती. 'हिरड्या सुजलेल्या असतील तर मधुमेहही आटोक्यात येत नाही. दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या.' पेशंटांना तो ती मोठ्याने वाचून दाखवायचा. जे हसत, त्यांना दोनदा.

त्याने बोट काढलं. टॉर्च बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"सापडली साखर?" आईने विचारलं.

"कधीपासून आहे हे?" फौजदार कुठल्या कुठे पळाला होता.

"दोनेक वर्षं झाली असतील. घासताना रक्त येतं. मिठाच्या पाण्याने जरा बरं वाटतं." तिने नळाजवळचा पेला दाखवला.

"मग ते पाणी थुंकायचं ना, गिळलंस कशाला?"

"थुंकले असते तर लाल दिसलं असतं. म्हणाला असतास, साखर खाऊन खाऊन दात सडवलेस."

म्हणाला असता. अगदी असंच म्हणाला असता.

"मला सांगायचं तरी, आई."

"सांगितलं होतं की. तू म्हणालास, रविवारी बघू. रविवारी तू झोपलास. आठवडाभर लोकांच्या तोंडांत वाकून दमलेला माणूस, कशाला उठवू?"

त्याने गळ्यातली किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. आईने किल्लीला हातही लावला नाही. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "गाडी नको. परत जा."

"का हो? बाई सुधारल्या वाटतं?" ड्रायव्हरने वर तोंड करून विचारलं.

त्याने खिडकी लावून घेतली आणि आईला घेऊन खाली उतरला.

दवाखान्यात सहा जण बसले होते. एकाचा गाल तर भोपळ्याएवढा सुजलेला. आई शेवटच्या खुर्चीकडे वळली, तसं त्याने तिचा दंड धरला, तिला आत नेलं आणि पेशंटच्या मोठ्या खुर्चीत बसवलं. मदतनीस बाई नवं कार्ड घेऊन आली. ते त्याने तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहायला बसला. नाव लिहिलं. वय लिहिलं. पत्ता लिहिताना दवाखान्याचाच लिहिला. दुसरा कुठला होता?

पुढची ओळ होती : 'यापूर्वी दात कधी तपासले?'

बावीस वर्षं तो याच जिन्याखाली लोकांची तोंडं उघडत होता. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होऊ लागला.

खुर्चीतून आईने मान तिरकी करून पाहिलं.

"लिही रे काहीतरी," ती म्हणाली. "बाहेर लोक खोळंबलेत."