दुखवट्याचा फेटा

नांदूरघाटचे रामहरी गाडीतून उतरले तेव्हा सुंदरराव दारात बैल धूत होते. अंगात मळकी बंडी, डोक्याला ओला पंचा. फेटा परटाकडे गेला होता. रामहरींच्या मागून त्यांची बायको सुभद्राबाई उतरली, डोईवरचा पदर सावरत. रामहरींच्या हातात कोरा पांढरा फेटा होता.

"त्रिंबकराव हायत का?" रामहरींनी विचारलं. "त्यांचे वडील वारले. डोक्याला अजून कुणी फेटा बांधला न्हाई, म्हणून दुखवटा आमीच आणला."

सुंदररावांनी बैलाची शेपूट सोडली. त्रिंबकचे वडील म्हणजे तेच.

तेवढ्यात त्रिंबक बाहेर आला. डोकं उघडं, नगरच्या न्हाव्याकडून बारीक केलेले केस. बापाकडं न बघता म्हणाला, "ह्यो आमचा म्हाळू. लई जुना गडी. म्हाळू, पाहुण्यांना पाणी दे."

सुंदररावांना जन्मात पहिल्यांदाच रुसायचं सुचलं नाही.

एरवी रुसण्यात धारूरच्या डोंगरावर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुतणीच्या लग्नात आहेराचा फेटा तोकडा निघाला म्हणून ते भर पंगतीतून उठले. नवरदेवाला घोड्यावरून उतरून त्यांची समजूत काढायला जावं लागलं. त्यांना पाहिलेले थोडे, पण ऐकलेले केजपर्यंत. त्रिंबकच्या सोयरिकी त्यांच्या नुसत्या नावावर मोडत होत्या.

रांजणापाशी त्यांनी पोराला गाठलं. "मला मारलंस व्हय रे?"

"मी कशाला मारू, आबा? पोरगी बघायला उघड्या डोक्यानं गेलतो. नगरला शाळेतली समदी पोरं तशीच हिंडतेत. इंग्रजी मुलखात कोण इचारतंय? पण आपली ही निजामाची मोगलाई, हितं बाप मेल्याबिगर कुणी बोडकं हिंडत न्हाई. ह्यांनी बोडकं डोकं बघितलं अन् तिथंच तुमाला मारलं. मी फकस्त न्हाई म्हणलो न्हाई."

"कावून?"

"ते आदी म्हणायचे, सुंदरराव जित्ते हायत तवर पोरगी देणार न्हाई. आता म्हणतेत, बापामागं वर्साच्या आत लगीन उरकावं, ह्याच म्हैन्यात करू. अन् त्यांच्या मंडळी तुमच्यासाठी रडल्या, आबा. तुमच्यासाठी आजवर कुणी रडलंय का? अक्षता पडू द्या, मंग मी सोता सांगतो. पाया पडतो."

सुंदररावांनी मुकाट तांब्या उचलला.

पाणी पिऊन रामहरी हळूच म्हणाले, "म्हाळू, मालक लई तरास द्यायचे म्हणं?"

"लई शाणा माणूस होता," सुंदरराव म्हणाले. "दुनियेला कळला न्हाई."

"विहीणबाईंना भेटते," सुभद्राबाई म्हणाली. "दोन आसवं तरी गाळते."

सुंदररावांना एकदम हलकं वाटलं. आता आपण तोंड उघडायचीही गरज नव्हती. बायको वत्सलाबाई आत भाकरी थापत होत्या. त्या बाहेर आल्या की पोराचा खेळ खलास. रुपयाएवढं कुंकू आणि मनगटभर हिरव्या बांगड्या, आणखी काय साक्ष पाहिजे? मागं तापानं फणफणल्या होत्या, तेव्हाही बाईनं आधी कुंकू लावलं आणि मग काढा घेतला. नवरा कुठंही रुसून बसो, ताट झाकून घेऊन शोधत येणारी तीच. पोटचा पोरगा फिरला, पण ती फिरायची नव्हती.

ते भिंतीला पाठ लावून बसले. मिशीला पीळ देणार होते, पण गडी आहोत हे आठवलं.

"माय," त्रिंबकनं हाक मारली, "पाहुणे आलेत."

भाकरी थापायचा आवाज थांबला. आत तोंड धुतल्यासारखं पाणी सांडलं. मग वत्सलाबाई उंबऱ्यात आल्या.

कपाळ पांढरं फटक. हात मोकळे.

सुभद्राबाईच्या गळ्यात पडून त्यांनी असा हंबरडा फोडला की दारातला बैलही बुजला. मग पदरानं डोळे पुसत त्या सुंदररावांकडं वळल्या.

"म्हाळू, हितं काय बसलास? पाहुण्यांचे बैल सोड."